एकाच रंगाच्या काचा

पिंप्राळा, जळगाव
रविवार, १७ डिसेंबर १९९५

प्रिय यशोदा,

तुझं पत्र आठ तारखेला आलं. आज सतरा. तुझ्या पत्राला नऊ दिवस उत्तर न देण्याची ही पहिलीच वेळ, आणि तुला वाटेल की सरांना कॉलेजच्या परीक्षा असतील, खोकला असेल. दोन्ही आहे. पण कारण ते नाही. पट्ट्यांबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती ऐकल्यावर तुझ्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण उभं राहणार नाही, आणि ते पडलं तर पदवीचं काय होईल ते मला माहीत नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलं. याआधी तीनदा लिहायला बसलो तेव्हा खुशालीपासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा खुशालीवरच थांबलो.

तू लिहिलं आहेस की जानेवारीपासून धुळ्याचे अभिमन डॉक्टर आपली पट्टी मोठ्या भाजलेल्यांना लावणार, निम्मं अंग भाजलेल्यांनासुद्धा. आजवर हातापायाच्या लहान जखमा होत्या, आता खरी कसोटी, असं तुझं वाक्य आहे. त्याच्याखाली तू पेनाने रेघ ओढली आहेस. ती रेघ बघून मी पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तसाच वर्गावर गेलो. एफ.वाय.च्या पोरांना सामू शिकवत होतो. अर्ध्या तासाने एक मुलगी म्हणाली, सर, हे तुम्ही मागच्या तासाला घेतलंत. हल्ली असं होतं. मी सत्तेचाळीसचा आहे, म्हातारा नाही, पण गेल्या महिन्याभरात फळ्यापर्यंत हात उचलायचासुद्धा कंटाळा येतो.

तुला माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा लिहितो आहे. क्रमाने लिहिलं म्हणजे मला मधे कुठे लपता येणार नाही. एकोणनव्वद साली तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुझ्या डोक्यात दुसराच विषय होता. डिंकाचा विषय माझा. सातपुड्यातला धावड्याचा डिंक, पाण्यात विरघळवायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे आणि ते आपल्या खानदेशच्या उन्हात ठेवायचं. डिंकच चांदीला क्षारातून सोडवतो आणि तोच तिचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. ते इतके बारीक राहतात की द्रव गढूळसुद्धा होत नाही, फक्त मधासारखा पिवळा होतो. तोच काचेवर ओतून वाळवला की पातळ, आरपार पट्टी सुटते, भाजलेल्या जखमेवर लावायला, आणि चांदी जंतूंना मारते. पहिल्यांदा तो पिवळा रंग आला तेव्हा तू चंचुपात्र खिडकीशी धरून किती वेळ उभी होतीस. मग पुण्याहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो आला, राखाडी जमिनीवर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. आपले प्रयोगशाळेतले शिपाई उखर्डू नाना तो फोटो उलटा धरून म्हणाले होते, "हाई काय, देवीना व्रण शेतस का?" आपण दोघं हसत सुटलो होतो. तो फोटो खरा आहे, यशोदा. पहिली चारही प्रकरणं खरी आहेत. हे मी आधी का सांगतो आहे, तुला धीर द्यायला की मला, ते माहीत नाही.

नंतर तुझं बाळंतपण आलं. एक्क्याण्णवच्या मार्चअखेर तुला मुलगी झाली, तू माहेरी शिरपूरला होतीस, आणि मे महिन्यात अभिमन डॉक्टरांना साठ पट्ट्या द्यायच्या ठरल्या होत्या. तीस चांदीच्या, तीस कोऱ्या. कोऱ्या म्हणजे नुसत्या डिंकाच्या, तुलनेसाठी. डॉक्टरांना कोणती कुठली हे कळता कामा नये, पाकिटावर फक्त आकडा आणि त्या आकड्यांची यादी आपल्याकडे, हा नियम तुझा. दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन तू पत्र लिहिलंस की सर, मी जूनमध्ये येते, तोवर थांबूया. मीच कळवलं, येऊ नकोस, मी करतो. ऊन मे महिन्यातच खरं मिळतं, हे एक कारण होतं. दुसरं कारण म्हणजे मला ते काम माझ्या हाताने करायचं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांची सूत्रं फळ्यावर लिहून झाल्यावर माणसाला असं वाटतं. ते दुसरं कारण मी तुला तेव्हा कळवलं नाही.

कॉलेजला सुट्टी होती म्हणून सगळं घरी आणलं होतं. डिंकाचा पत्र्याचा डबासुद्धा. प्रयोगशाळेत मुंग्या लागत. आपला तो निवडक डिंक तुला आठवतो ना, झिपरू पावरा धडगावकडून घेऊन यायचा, पांढरा, काचेच्या खड्यांसारखा, तांबूस खडा एकही नाही. मी डबा उघडला तर आत खडे नव्हते, भुकटी होती. कमलने कुटून ठेवलेली. ती कधी कधी माझं असं काम करून टाकायची, आणि मला बरंच वाटलं की खलबत्ता घ्यायला नको. भुकटी पांढरीच दिसत होती. कुठलाही डिंक कुटला की पांढराच दिसतो. हे मी पोरांना शिकवतो, रंगीत काच कुटली तरी भुकटी पांढरी.

द्रावण केलं, निम्म्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, दिवसभर उन्हात ठेवलं, आणि साठाहून थोड्या जास्त काचांवर ओतून गच्चीवर वाळत घातलं. काचांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण मेच्या उन्हात खळ वाळून चिठ्ठ्या गळून पडायला लागल्या, म्हणून त्या काढून टाकल्या. डाव्या हाताच्या रांगा चांदीच्या, उजव्या हाताच्या कोऱ्या, असं लक्षात ठेवलं. एवढं तर कोणाच्याही लक्षात राहील. दिवस १९ मे. दुपारी चारच्या सुमाराला नाना खालून ओरडले, "सर, वावटय उनी, वावटय!" आणि आम्ही तिघं, मी, नाना आणि कमल, जिना चढेपर्यंत वावटळ गच्चीवर येऊनही गेली. काचा फार फुटल्या नाहीत, आधी जास्तीच्या केल्या होत्या त्यामुळे साठ भरल्या. पण धूळ बसू नये म्हणून तिघांनी मिळतील तशा उचलल्या आणि खाली आणल्या. कमलने पोळपाटावर रचून आणल्या, नानांनी टोपीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळ्यांचा एकच ढीग झाला.

मी मुळीच घाबरलो नाही. कोरी पट्टी बिनरंगी असते, चांदीची पिवळी. उजेडात धरून वेगळ्या करायच्या, अर्ध्या तासाचं काम. मी खिडकीशी बसलो आणि पहिल्या दहा काचांतच मला कळलं की बिनरंगी एकही नाही. काही फिक्या पिवळ्या, काही गडद पिवळ्या. यशोदा, तिथे मी थांबायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं की ऊन जास्त झालं, डिंक थोडा करपला, म्हणून कोऱ्याही पिवळसर दिसतात. फिकी ती कोरी, गडद ती चांदीची. दोन ढीग केले. गडद सत्तावीस भरल्या, फिक्या तेहतीस. मग फिक्यांतल्या जरा जास्त रंगाच्या तीन उचलून गडदमध्ये ठेवल्या आणि तीस-तीस केलं.  ते तीन हलवणं माझ्या बोटांना अजून आठवतं.

नाना पाकिटं करत बसले होते. त्यांनी चारपाच काचा हातात घेऊन उजेडात धरल्या, परत ठेवल्या, आणि हळूच म्हणाले, "सर, बठ्ठ्या काचा एकच रंगन्या शेतस." मी उन्हाने आणि धावपळीने वैतागलेला. मी म्हणालो, "नाना, सगळ्या काचा एका रंगाच्या कशा असतील? तुम्ही डोळे तपासून घ्या." कमल ओट्याशी उभी होती, तीही ओशाळली. नाना पुन्हा पाकिटं करायला लागले. पण ते सरळ मनाचे माणूस, त्यांना खरंच वाटलं असावं. पुढच्या महिन्यात धुळ्याला डोळ्यांचं शिबीर होतं, तिथे एस.टी.ने जाऊन रांगेत उभे राहून आले. आल्यावर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हने, डोया चांगला शेतस. आते काय तपासू?" स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं नाना विनोद करताहेत.

पुढचं तू जाणतेस. तू ऑगस्टमध्ये आलीस तोवर पाकिटं डॉक्टरांच्या कपाटात गेली होती आणि यादी माझ्या वहीत होती. वर्षभर तू जळगाव-धुळे एस.टी.चे हेलपाटे घातलेस, पोरीला कधी आईकडे, कधी अक्काकडे टाकून. अक्का म्हणजे आमची कमल. तू तिला अक्का म्हणायला लागलीस तेव्हापासून तिची माहेरची माणसंही तिला तेच म्हणतात. डॉक्टर खूश होते. म्हणाले, "सर, जखम कशी आहे बघायला मला पट्टी उचकटावी लागत नाही, आरपार दिसतं, एवढ्यावरच मी तुम्हाला शंभर मार्क देतो." यादी उघडली तेव्हा चांदीच्या पट्टीखालच्या जखमा सरासरी अकरा दिवसांत भरलेल्या, कोऱ्या पट्टीखालच्या सतरा. तू आकडेमोड तीनदा केलीस. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याच तक्त्यावर बोट ठेवून अभिनंदन केलं. मी तुझ्या शेजारी बसलो होतो.

आणि भिकुबाई. तिचं नाव लिहिल्याशिवाय हे पत्र पुढे जाणार नाही. स्टोव्हने हात भाजलेली, धुळ्याजवळच्या खेड्यातली. पाकीट क्रमांक सदतीस. तिची जखम चिघळली, दीड महिना चालली, डाव्या हाताची बोटं आखडली. यादीत सदतीस म्हणजे कोरी. तू त्या दिवशी माझ्यासमोर रडलीस, म्हणालीस, "सर, आपल्या हातात चांदी होती आणि आपण तिला नुसता डिंक लावला." आणि मी तुला तुलनेची पट्टी का लागते यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ते व्याख्यान चुकीचं नव्हतं. पण मला आठवतं की ते देताना मला आतून जरा अभिमान वाटत होता, विद्यार्थिनी हळवी आणि गुरू कठोर, असा. तू अजून पत्रात लिहितेस की आग्रा रोडला ती पेरू घेऊन बसते आणि तू रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जातेस.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. कमलच्या वरणगावच्या भाचीला मुलगा झाला, म्हणून आमच्याकडे डिंकाचे लाडू चालले होते. मी पेपर वाचत बसलो होतो. कढईतल्या डिंकाकडे बघून ती कुरकुरत होती, "फुलतच नाही मेला. तुमच्या त्या डब्यातला कसा फुलला होता, कापसाच्या बोंडासारखा." मी विचारलं, कुठल्या डब्यातला? ती म्हणाली, "तो हो, प्रयोगाचा. यशोदेच्या लाडवांना नव्हता का घेतला?" मी पेपर खाली ठेवला. ती हसत सांगत होती. तुझं बाळंतपण झालं तेव्हा बाजारात चांगला डिंक मिळेना, आणि घरात तर डबाभर पांढराशुभ्र पडलेला. तिने तो सगळा घेतला, आणि नशिराबादला बहिणीकडे गेली होती तेव्हा तिथल्या बाजारातून तेवढाच दुसरा आणून डब्यात भरला. तो तांबूस होता, खडेही ओबडधोबड होते, म्हणून मला बरं पडावं असा कुटून ठेवला. मला सांगितलं का नाही, विचारलं. तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. पांढरा डिंक बाळंतिणीला नाही घालायचा, तर काय काचेवर वाळवायचा?"

तिचं काय चुकलं, सांग. आम्हाला मूल नाही. तू पहिली आणि एकटीच, जिचं बाळंतपण तिने आपलं मानलं. शिरपूरला डबा घेऊन स्वतः गेली होती, एस.टी.त मांडीवर धरून. त्या लाडवांवर तू लिहिलेलं कौतुकाचं कार्ड तिच्या देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली आहे.  मी तिला म्हणालो, बरोबर आहे तुझं. आणि उठून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

तांबूस डिंकाची पट्टी चांदी असो नसो, पिवळीच दिसणार. मग मी त्या दिवशी जी फिकी-गडद निवड केली ती कशाची? पट्टी जितकी जाड तितकी गडद. मी चांदी निवडली नाही, यशोदा, मी जाडी निवडली. जाड पट्टी जखमेवर जास्त दिवस टिकते, कमी सुकते, म्हणून अकरा आणि सतरा. हा माझा तर्क आहे, सिद्ध केलेलं नाही, आणि आता तर्काला सिद्ध म्हणायची मला भीती वाटते.

पण एक गोष्ट तपासता येत होती. साठांपैकी अकरा पट्ट्या उरल्या होत्या, डॉक्टरांकडून परत आलेल्या, माझ्या कपाटात, बंद पाकिटात. यादीप्रमाणे सहा चांदीच्या, पाच कोऱ्या. वीस नोव्हेंबरला कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत एकटा बसलो. एकेक पट्टी मुशीत जाळली, राख नायट्रिक आम्लात घेतली, त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. चांदी असेल तर पांढरा साका बसतो आणि खिडकीशी ठेवला की जांभळट होतो. अकरावीची पोरं करतात ती परीक्षा. चार वर्षांत एकदाही मी एखादी पट्टी जाळून पाहिली नाही, कारण डोळ्यांना पिवळं दिसत होतं. चांदीच्या सहांपैकी तीन नळ्या स्वच्छ पाण्यासारख्या राहिल्या. कोऱ्या पाचांपैकी दोनमध्ये साका बसला. दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवून पुन्हा पाहिलं. जांभळा झाला होता.

म्हणजे यादीला काही अर्थ उरला नाही. बाकीच्या एकोणपन्नास कोणत्या होत्या ते आता कोणीच सांगू शकणार नाही, त्या जखमांवर विरघळून गेल्या. चांदीने जखम भरते की नाही, हे आपल्याला माहीत नाही. कदाचित भरतही असेल. पण लागलेल्यांपैकी निम्म्या कोऱ्या असतील, आणि त्याच पट्टीवर विसंबून डॉक्टर निम्मं अंग भाजलेल्या माणसाचं नेहमीचं मलम थांबवणार होते. भिकुबाईच्या हातावर चांदी होती की नव्हती, तेही माहीत नाही. मला क्षणभर वाटलं होतं की तुला लिहावं, बघ, कदाचित ती कोरी नव्हतीच, तुझ्या मनावरचं ओझं उतरव. पण ते खोटं सांत्वन झालं असतं. चांदी असेल तर चांदी असूनही हात गेला, आणि नसेल तर तू म्हणालीस तेच. मी तुला दोन्हींतलं एकही देऊ शकत नाही.

वीस नोव्हेंबरपासून आजपर्यंत मी गप्प बसलो, त्याचाही हिशेब द्यायला हवा. पहिला आठवडा मी पळवाटा शोधल्या. नमुना लहान होता, अकराच पट्ट्या, मूस नीट धुतली नसेल. मूस नीट धुतली होती. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, तुझी नोकरी नुकतीच कायम झाली आहे, घराचं कर्ज घेतलं आहेस, पोर अजून पाचव्या वर्षात आहे, आता कशाला. हा विचार दयेसारखा दिसतो, पण त्याच्या तळाशी मी होतो. विभागप्रमुख, मार्गदर्शक, ज्याने तीन काचा हलवल्या तो. तिसऱ्या आठवड्यात ठरवलं, तुलाच विचारावं काय करायचं. चौथ्या आठवड्यात कळलं की ती सगळ्यात भेकड वाट. माझी चूक तुझ्या ओटीत टाकून वर तुझ्याकडूनच परवानगी मागायची. तोवर तुझं पत्र येऊन पडलं होतं, जानेवारीचं, रेघ ओढलेलं.

काल शनिवारी मी नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून अभिमन डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी जळालेल्या अकरा पट्ट्यांचे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "जानेवारीसाठी ठेवलेल्या पट्ट्यांचं कपाट आजच कुलूपबंद करतो, सर. ते माझ्यावर सोडा. यशोदाला सांगितलंत का?" मी नाही म्हणालो. "मग मला आधी कसं काय सांगितलंत?" मी म्हणालो, रोगी थांबू शकत नाहीत. ते म्हणाले, "बरोबर. पण ती बुधवारपर्यंत माझ्यासमोर आली तर मी तिच्या तोंडाकडे कसं बघू? तुम्ही आजच्या आज लिहा." म्हणून आज लिहितो आहे. भल्या माणसाने ढकलल्याशिवाय मी उतरलो नाही, हेही तुला माहीत असू दे.

विद्यापीठाला द्यायचं पत्र लिहून तयार आहे. त्यात पट्ट्या मी केल्या, निवड मी केली, यादी माझी, विद्यार्थिनी त्या वेळी बाळंत होऊन माहेरी होती, एवढंच लिहिलं आहे. डिंक कसा बदलला ते फक्त 'घरगुती गैरसमजातून दुसरा डिंक वापरला गेला' असं. गुरुवारी मी ते स्वतः नेऊन देणार आहे. पदवी काढून घेतील, की पाचवं प्रकरण पुन्हा करायला लावतील, की नुसती चौकशी करून गप्प बसतील, मला खरंच सांगता येत नाही. पुन्हा करायला लावलं तर डिंक मी आणून देईन, धडगावला स्वतः जाऊन, झिपरूच्या समोर निवडून. चिठ्ठ्याही तारेने बांधीन. पण माझ्या हाताने काही करणार नाही. ते तू कर.

एक मागणं आहे. कमलला हे कळू देऊ नकोस. इकडे आलीस तर माझ्यावर ओरड, तिच्यासमोर ओरडलीस तरी चालेल, काहीतरी दुसरं कारण सांगू. पण त्या लाडवांचा संबंध तिच्या कानावर गेला तर ती पुन्हा कढई चढवणार नाही. मी तिला ओळखतो. आत्ताही ती आतून विचारते आहे, "एवढं काय लिहिताय? यशोदेला लिहिताय ना? पोरीच्या स्वेटरचं माप मागवा." तर पोरीच्या स्वेटरचं माप कळव. हे मी थट्टेने लिहीत नाही.

नानांकडे परवा जाऊन आलो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता एरंडोलजवळ लेकाकडे असतात. ओसरीवर बसून सुईत दोरा ओवत होते, चष्म्याशिवाय, पहिल्या खेपेला. मी गेलो होतो माफी मागायला. चहा घेतला, त्यांच्या मक्याचं विचारलं, आणि परत आलो. तेवढंही मला जमलं नाही. जाताना ते म्हणाले, "सर, तुम्हना तोंड उतरी गयं. डोया तपासा बरं एकदाव." आणि खो-खो हसले.

आणि आता हे पत्र जाड का लागलं ते. तू मला ओळखतेस, एकोणीसशे सत्तरपासून रोज डायरी लिहितो, आणि आजवर एकही पान फाडलेलं नाही. या पाकिटात १९ मे १९९१ चं पान आहे, ब्लेडने कापलेलं. चौकशीत कोणी म्हणेल की पट्ट्या विद्यार्थिनीच्या, जबाबदारी विद्यार्थिनीची. कोणी म्हणेल की सर आता तिला वाचवायला सगळं अंगावर घेताहेत. आणि त्या खोलीत, समोर मोठी माणसं बसलेली असताना, मी ठाम राहीन याची मला स्वतःची खात्री नाही. महिनाभर मी कसा वागलो ते वर लिहिलंच आहे. म्हणून हे पान माझ्याकडे नको, तुझ्याकडे असू दे. त्यावर त्या दिवशीच्या शाईत लिहिलं आहे: 'रंग नेहमीसारखा स्पष्ट नाही. तरी वेगळे करता आले. तीन बदलल्या.' मी कुठे चाचरलो, कुठे शब्द फिरवले, तर हे पान त्यांच्यापुढे ठेव. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. आणि दाखवशील तेव्हा त्याच्या खालची ओळही दाखव. नाना काय म्हणाले ते मी त्या संध्याकाळी त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं, आणि मग खोडलं होतं. एकच आडवी रेघ आहे. खालचं सगळं वाचता येतं.

तुझाच, आणि या वेळी तुझ्या बाजूने,
लीलाधर